बाळीवेशीतली ढेळज

खुंटाळ्याच्या एका टोकाला सुगलानं हात घातला, आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकावर आणखी एक हात पडला.

मंगळवारचा बाजार. चैत्रातलं ऊन. सोलापूरची धूळ अशी तापलेली, की चपलेतूनही तळवा भाजावा. बंदेनवाजचाचांच्या पालाखाली जुन्या सामानाचा ढीग होता. पाय गेलेल्या खुर्च्या, काटे नसलेली घड्याळं, कड्या, कुलपं… आणि त्या ढिगाच्या तळाशी पोत्यात गुंडाळलेलं ते खुंटाळं. पोत्याच्या फटीतून एका लाकडी राघूची शेपटी तेवढी बाहेर आली होती. तीच बघून सुगला थांबली होती.

“सोडा की,” ती म्हणाली.

समोरच्यानं हात काढला नाही. तिशीच्या आतला माणूस, काळी टोपी, बोटांच्या पेरांत गिरणीचं तेल मुरलेलं. तो तिच्याकडं बघतच नव्हता. त्या पोत्याकडं बघत होता… तोंडावर चादर ओढलेल्या माणसाकडं बघावं तसा.

“तुमाला पायजे व्हय?”

“न्हाय.” त्यानं हात झटक्यात मागं घेतला. “मला नको. घ्या तुमी.”

“नको तर धरलासा कशाला?”

“धरलं गेलं.” त्यानं पोत्याकडं बोट केलं. “पाच राघू असतील त्याला. तिसऱ्याची चोच तुटलेली हाय. आदी बगून घ्या, मागनं म्हणाल फसवलं.”

सुगलाला वाटलं, ही बाजारातली नेहमीची चाल असणार; नावं ठेवायची, गिऱ्हाईक घालवायचं आणि माल आपण उचलायचा. तिनं पोतं सोडलं. सागाची फळी, तिच्यावर रांगेत पाच राघू, माना बाहेर काढलेले. टोप्या त्या मानांवर अडकवायच्या. तिसऱ्या राघूला चोच नव्हती. तुटलेल्या जागी लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत झालं होतं, वर्षानुवर्षं हात लागून.

“पोत्यातनं दिसतं व्हय तुमाला?”

“अंदाज.”

“चोचीचा अंदाज?”

आता कुठं त्यानं तिच्याकडं पाहिलं. ओठाच्या एका कोपऱ्यात हसू आलं आणि तिथंच अडकलं. “जड हाय ते. कुटं न्यायचं?”

“बाळीवेशीत. पर मी नेते की.”

“मी बी तिकडंच चाललोय,” असं म्हणून त्यानं खुंटाळं खांद्यावर घेतलं. तो तिकडं चाललेला नव्हता, हे तिला नंतर कळलं. वाटेत चार शब्द झाले. त्याचं नाव शिवशरण. मूळ अक्कलकोटचा, गेल्या वर्षापासून इथल्या गिरणीत मागांचा मिस्त्री. तिच्या दाराशी आल्यावर त्यानं विचारलं, “लावणार कुटं?”

“कुटं म्हंजे? ढेळजेत.”

तो शब्द ऐकला मात्र, शिवशरणनं खुंटाळं ओट्यावर ठेवलं आणि पाणीही न पिता निघून गेला.

*

रस्त्यावरचं दार उघडलं की घराच्या आधी लागायची ती ढेळज. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद, बिनखिडकीची. तिच्यापुढं सुगलाची शिवणाची खोली आणि त्यामागं स्वयंपाकघर. सुगला आणि तिची आत्या बजाबाई, दोघीच त्या घरात राहत. सुगला बावीस वर्षांची. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि अकराव्या वर्षी नवरा देवाघरी गेला. बोरं खाऊन बिया लांब थुंकणारा एक मुलगा, यापलीकडं तिला त्याचं काही आठवत नव्हतं. आत्यानं तिला जवळ घेतलं, मशीन शिकवलं. आता पेठेतल्या बऱ्या घरच्या बायका तिच्याकडं चोळ्या-झंपर शिवायला येत.

अडचण ढेळजेची होती. माप द्यायला आलेल्या बायकांना तिथं थांबावं लागे, एका पालथ्या खोक्यावर. एक वकिलीणबाई एकदा म्हणाल्या, “तुझ्या हाताला जादू आहे गं, पण इथं पाऊल टाकलं की तळघरात उतरल्यासारखं होतं.” सुगलाच्या मनाला ते लागलं. मार्शल लॉ उठून चार वर्षं झाली होती, शहर पुन्हा हसू-बोलू लागलं होतं, लोकांच्या घरांना नवे रंग लागत होते. नवं सामान तिच्या आवाक्यातलं नव्हतं. पण जुन्या बाजारात डोळस माणसाला काय मिळत नाही? तिनं भिंतींना निळीचं बोट घालून चुना दिला, आणि सुरुवात त्या खुंटाळ्यानं केली.

खिळे तिनं स्वतःच ठोकले. ठोकताना काही मोजलं नाही. हात जिथं गेला तिथं ठोकले.

आठवड्यानं शिवशरण आला. हातात घडी केलेला सदरा होता.

“मी बायांचं शिवते,” सुगला म्हणाली.

“सदऱ्याला कुटं ठावं हाय, कोण शिवतंय ते?”

“उसवलाय कुटं?”

“ह्यो… खांद्यापाशी.”

तिनं सदरा उजेडाकडं धरला. “उसवलेला न्हाय ह्यो. कापलेला हाय.”

“गिरणीत लागतं कायबाय.”

“गिरणीत लागतं ते वाकडंतिकडं लागतं. ह्ये एकेक टाका मोजून कापलंय.” ती हसू दाबत म्हणाली, “मिस्त्री, ब्लेड चांगलं चालवता तुमी.”

त्याचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलणार होता… आणि त्याची नजर भिंतीकडं गेली. चेहऱ्यावरचं सगळं हसू कुणी ओल्या फडक्यानं पुसावं तसं गेलं.

“एवढं खाली का लावलासा?”

सुगलानं वळून पाहिलं. आजवर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती चांगली उंच. आत्या तिला ताडमाड म्हणायची. राघू तिच्या खांद्याच्याही खाली होते. काही अडकवायचं तर तिलाच वाकावं लागत होतं.

“हात तितं गेला,” ती म्हणाली. सांगताना तिचंच तिला नवल वाटलं.

शिवशरणनं टोपी काढली होती. ती त्यानं राघूवर अडकवली नाही. जाईपर्यंत हातातच धरून ठेवली.

*

बाकडं मिळालं ते बाजारात नव्हे. साखर पेठेत एका विणकराच्या अंगणात सुताच्या लडी ठेवायला ते पडलेलं होतं. अरुंद, पाठ नसलेलं, दोन्ही टोकांना कमळ कोरलेलं. सुगला दुसऱ्याच कामाला गेली होती. बाकड्याशी आली आणि तिचं पाऊल उचलेना. विणकराच्या बायकोनं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, की ते कुणा गाडीवाल्याकडून घेतलं, कुठलं ते माहीत नाही. बदल्यात दोन चोळ्या शिवून द्यायच्या ठरल्या.

घरी आणल्यावर आत्या म्हणाली, “भितीला लाव की. जागा मोकळी ऱ्हाईल.”

सुगलानं ते भिंतीला लावलंही. पण संध्याकाळपर्यंत तिला चैन पडेना. शेवटी उठून तिनं ते फिरवलं आणि दाराच्या बरोबर समोर, दाराकडं तोंड करून ठेवलं. मग जीव थंड झाला. का, ते तिला सांगता आलं नसतं.

वैशाखात एक दिवस वळीव आला. आभाळ काळंनिळं झालं, धुळीचा लोट रस्त्यानं धावत गेला आणि टपोरे थेंब तडातडा पत्र्यावर आपटू लागले. शिवशरण सदरा न्यायला आला होता. सदरा केव्हाच शिवून झाला होता, पण या ना त्या कारणानं तो सुगलाकडंच पडून होता. आज तो न्यायला आला आणि पावसात अडकला. ओल्या मातीचा वास ढेळजेत भरला.

“बसा की,” सुगलानं बाकड्याकडं बोट केलं.

तो उंबऱ्यावर बसला.

“उंबऱ्यावर बसू ने. आत्या रागावंल.”

“मग उभा ऱ्हातो.”

“बाकड्याला काटे हायत व्हय?”

“त्याच्यावर मी बसत न्हाय.” मग सावरून घेत तो म्हणाला, “भिजलोय मी. लाकूड खराब व्हईल.”

“लाकडाची लई काळजी तुमाला. माणसाची हाय का न्हाय?”

“कुटल्या माणसाची?”

“पावसात उभं ऱ्हाऊन जे बोलाय लागलंय त्याची.”

तो हसला. यावेळी हसू अडकलं नाही. “त्या माणसाला ऊन-पाऊस काय बी लागत न्हाय. त्याला फकस्त एकच भ्या हाय, सदरा हातात मिळाला की परत यायला निमित्त न्हाय ऱ्हायचं.”

सुगलानं सदरा पुढं केला होता. तिनं तो हळूच मागं घेतला. “बटणं ऱ्हायल्यात अजून,” ती म्हणाली. बटणं सगळी लावलेली होती. दोघांनाही ती दिसत होती.

तेवढ्यात आतून आत्यानं विचारलं, “सुगले, कोण हसलं गं?”

“आमीच की, आत्या.”

“तुमी न्हवं. दुसरं बाईमाणूस हसलं. बारीक.”

ढेळजेत दोघंच होते. पाऊस एकाएकी थांबला होता. शिवशरणनं टोपी उचलली आणि वाहत्या रस्त्यातून झपाझप निघून गेला. सदरा तिच्याच हातात राहिला.

*

एका नाटकमंडळीचं सामान विकायला निघालं, त्यात सुगलाला निळ्या काचेची हंडी दिसली. टांगायची, पितळी साखळ्यांची. बाकी बायकांनी पडदे घेतले, साड्या घेतल्या. सुगला सरळ हंडीपाशी गेली. दिवेलागणीला ती पेटवली, तेव्हा ढेळज खोल पाण्यात बुडाल्यासारखी दिसू लागली. सुंदर दिसत होती, हे खरं. पण त्या उजेडात बाकड्याच्या एका टोकाशी सावली थोडी दाट पडे. हंडी हलवली तरी सावली हलत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीचा बाराचा भोंगा झाला आणि पाठोपाठ वकिलीणबाई आत आल्या. ढेळजेकडं बघून खूश झाल्या. “किती छान केलंस गं. आणि बहीण आली का तुझी?”

“माझी?”

“बाहेर बाकावर बसलीय ना. बुटकी, गोरीशी. मी विचारलं, सुगला आहे का? तर म्हणाली, आहे, पण जरा थांबा, मी आमच्या माणसाची वाट बघतेय. दारातून तेवढं बाजूला व्हा.” वकिलीणबाई हसल्या. “गोड आहे हो. हातभर हिरवी काकणं.”

सुगला ढेळजेत आली. दाराची साखळी निघालेली होती. बाकडं रिकामं. रस्त्यावर ऊन, आणि उन्हात कुणी नाही.

संध्याकाळी शिवशरण आला. दारात थबकला. त्यानं निळा उजेड बघितला, राघू बघितले, बाकडं बघितलं. मग दाराच्या चौकटीला पाठ टेकून तो तिथंच खाली बसला.

“आता सांगा,” सुगला म्हणाली. ती जागची हलली नाही. “ह्ये कुणाचं हाय?”

त्यानं सांगितलं. अक्कलकोटात त्याचं घर होतं. बायको होती, बसव्वा. हौशी. घराची ढेळज तिनंच सजवली होती. हंडी तिनं माहेराहून आणलेली, बाकडं तिनं सुतारापाशी बसून करवून घेतलेलं. खुंटाळं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या उंचीला लावलेलं. तो कामावरनं यायच्या वेळेला ती दाराकडं तोंड करून बाकड्यावर बसायची. दोन वर्षांमागं तापात गेली. तीन दिवसांत. मग त्याला त्या दारातून आत जाववेना. आठवडी बाजाराला आलेल्या एका गाडीवाल्याला त्यानं सगळं देऊन टाकलं आणि तो सोलापूरला आला.

“बाजारात ते पोतं दिसलं तवाच वळाकलं. म्हटलं, योगायोग. मग तुमी ते तिच्या उंचीला लावलासा. बाकडं तिच्यावानी फिरवून ठिवलासा. आज हंडी.” त्यानं वर पाहिलं. “सुगलाबाई, मी येतोय ते तुमच्यासाटी. शपथ. पर आता दारात आलो की कळत न्हाय, मी कुणाच्या दारात आलोय.”

सुगलाच्या छातीत भीतीपेक्षा दुसरंच काही सलत होतं. ही निवड माझी होती, असं तिला वाटत आलं होतं. राघूची ती शेपटी मला आवडली होती ना? का कुणी माझे डोळे वापरले? आणि हा माणूस आवडला, तो तरी मलाच का…

“अजून काय ऱ्हायलंय का?” तिनं विचारलं.

“एकच. पर ते तुमाला न्हाय मिळायचं. ते मी इकलं न्हाय. गावाबाहेरच्या तळ्यात टाकलं, माझ्या हातानं.”

“काय हाय ते?”

“न्हाय सांगत.” तो उठला. “हुबळीच्या गिरणीतनं बोलावणं आलंय. जावं म्हणतो.”

*

पंधरा दिवस तो आला नाही. उन्हाळा टिपेला पोचला. विहिरी तळाला गेल्या, लांबलांबच्या तळ्यांत गाळाला भेगा पडल्या. सुगला मशीनवर बसे आणि चाक फिरवायचं विसरे. आत्या बघत होती. एकदा जेवताना ती एवढंच म्हणाली, “आपल्यात दुसरा घरोबा चालतो गं पोरी. तोंडानं बोललं पायजे तेवढं.”

त्या मंगळवारी सुगला बाजारात गेलीच नाही. बंदेनवाजचाचाच घामाघूम होऊन दारात आले. “बाई, तुमी आला नाय, म्हनून मीच आलो. अक्कलकोटकडचे लोग तळ्याचा गाळ काढतेत, त्यात घावली बोले. पितळ हाय, असली. देखताच वाटलं, ही बाळीवेशीतल्या बाईच्या दाराचीच.”

त्यांनी फडकं सोडलं. दारावर टांगायची घंटी होती. बाहेरून दोरी ओढली की आत वाजावी अशी. खाचांतून वाळलेला गाळ अजून निघत होता. ती काय आहे हे सुगलाला कुणी सांगायला नको होतं.

चाचा गेल्यावर ती घंटी मांडीवर घेऊन बाकड्याच्या एका टोकाला बसली. दुसरं टोक रिकामं होतं. बारा वाजत आले होते.

“हे बगा बाई,” ती त्या रिकाम्या टोकाला हळूच म्हणाली, “माज्या मेलेल्या माणसाचा मला चेहरा बी आठवत न्हाय. आन् तुमचं मला सगळं ठावं झालंय. मला तुमचं काय काढून घ्यायचं न्हाय. पर तुमाला काय पायजे ते तरी सांगा.”

आत मोरीत भरलेल्या घागरीतलं पाणी आपोआप डचमळल्याचं ऐकू आलं, आणि भोंगा झाला.

सुगला उठली. घंटी ओच्यात घेतली आणि भर उन्हात गिरणीच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. भाकऱ्या घेऊन आलेल्या बायका तिच्याकडं टकमका बघू लागल्या. शिवशरण बाहेर आला. तिला बघून थबकला आणि तिला घेऊन लिंबाच्या सावलीत गेला. तिनं ओचा उघडला.

त्यानं घंटीला हात लावला नाही. मग बोलला. “तिला ताप होता. तिसरा दिवस. मी औषध आणाय गेलो होतो. परत आलो तर दाराला आतनं साखळी. शेजारीण बसली असंल म्हणून मी घंटी वाजवली. लई वाजवली. शेजारीण मागल्या दारानं घरला गेलेली. आन् ही… उठली. तसल्या तापात, मला दार उघडायला. बाकड्यापतूर आली. साखळीला हात पोचला न्हाय तिचा.” त्यानं डोळे मिटले. “मी वाजवली नसती तर ती उठली नसती.”

लिंबाचा मोहोर गळून त्याच्या टोपीवर पडत होता.

“तुमी वाजवली म्हणून न्हाय उठली,” ती म्हणाली. “उघडायचं होतं म्हणून उठली. मी बी उठले असते.”

त्यानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं. ती उन्हानं आणि बोलण्यानं लाल झाली होती, पण तिनं नजर काढली नाही.

“राघू कुणी निवडले, मला ठावं न्हाय,” ती पुढं म्हणाली. “बाकडं कुणी फिरवलं, ते बी न्हाय. पर तुमचा सदरा ठिवून घेतला तो मी. त्यात दुसऱ्या कुणाचा हात न्हवता. ही घंटी मी आज दाराला लावणार. ऐतवारी गिरणी बंद असती. तुमी या. वाजवाय जमलं तर वाजवा. न्हाय जमलं… तर हुबळीला जावा. मी वाईट वाटून घेईन, पर दोष न्हाय द्यायची.”

*

रविवारी दुपारी आत्या जेवून आडवी झाली. सुगलानं दाराची साखळी स्वतः लावली, दोनदा हात लावून बघितली. ढेळजेत मात्र ती थांबली नाही. तिथं बसून वाट बघायची जागा दुसऱ्या कुणाची होती. ती मशीनवर जाऊन बसली. शेजारी घडी केलेला सदरा होता.

ऊन मावळतीकडं कलायला अजून वेळ होता. गल्लीत कावळासुद्धा ओरडत नव्हता. मशीनची सुई कापडात अर्धी रुतून राहिली होती.

घंटी वाजली.

एकदाच. दबकत. सुगला उठली, तर पदर मशीनच्या चाकात अडकला होता. तो सोडवायला क्षण दोन क्षण गेले. तेवढ्यात ढेळजेतून साखळी निघाल्याचा आवाज आला, आणि बिजागऱ्या करकरल्या.

ती बाहेर आली. दार सताड उघडं होतं. उंबऱ्यापलीकडं शिवशरण उभा होता, दोरी अजून हातात, चेहरा पांढराफटक.

“तुमी उघडून आत का गेलासा?” त्यानं विचारलं.

“मी? मी आत्ता येतीय की.”

“हात बगितला मी. साखळी काडताना फटीतनं दिसला. काकणं होती… हिरवी.”

सुगलानं दोन्ही हात पुढं केले. अकराव्या वर्षापासून त्या मनगटांवर काही नव्हतं.

सुगला बाकड्यापाशी गेली आणि तिनं लाकडावर तळवा ठेवला. एका टोकाला, कमळाजवळ, हातभर जागा ऊबदार होती, माणूस नुकतंच उठून गेल्यावर असते तशी. ऊन तिथवर येत नव्हतं.

“हितं या,” ती म्हणाली.

शिवशरण आत आला. तिच्या हाताशेजारी त्यानं आपला हात ठेवला. तो नुसता खाली वाकून राहिला. त्या दोन हातांखाली ते लाकूड हळूहळू निवत गेलं… निवत गेलं… आणि इतर लाकडासारखं गार झालं. त्या टोकाची दाट सावली कधी पातळ झाली ते कळलंही नाही. ढेळज रिकामी वाटली, नुसती ढेळज. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच.

“उघडलं तिनं,” तो म्हणाला.

“व्हय.”

“आन् गेली.”

“व्हय.”

त्यानं डोळे पुसले. मग त्याची नजर सुगलाच्या मनगटांवर गेली आणि तिथंच राहिली. “ह्ये हात असं मोकळं… बरं न्हाय दिसत. कासाराला सांगू का? उद्या?”

सुगलाला हसू आलं, रडूही आलं. दोन्ही एकदमच. “सांगा. पर हिरवी नकोत. हिरवी तिची.”

“मग कंची?”

“ते मी बगीन. माजी मी निवडीन.”

“आन् माणूस?”

“त्यो निवडून झालाय,” ती म्हणाली आणि तिनं मान वळवली. पण हात काढून घेतला नाही.

आत बाजेची करकर झाली. आत्या जागी झाली होती. झोपेतून उठली की बजाबाईच्या तोंडी आधी माहेरची कानडी येई.

“सुगले, यार बंदारं?” म्हणजे, कोण आलंय?

सुगलानं शिवशरणकडं पाहिलं. आजवर ती ‘मिस्त्री आलेत’ म्हणायची, ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणायची. कानडीत आपल्या माणसाला एक शब्द आहे. परक्याला तो कुणी लावत नाही. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, तेव्हा बायका त्याच्यासाठीही तोच शब्द वापरतात. शिवशरण अक्कलकोटचा. त्याला तो शब्द पुरता ठाऊक होता.

“नम्मवरु, आत्या,” सुगला म्हणाली.

आतून बजाबाईचा आवाज आला, आता मराठीत आणि चांगला खणखणीत.

“मग दारात का उभं केलंयस? आत घे की त्यांना. चहा टाकते मी.”